हसणे हीसुद्धा शुश्रूषाच
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विषय ऐकून काहीजणी गालात हसल्या, तेव्हा माझे निम्मे काम झाले असे मी समजते. विषय आहे परिचर्या शिकणाऱ्या आपल्या मुली आणि हास्ययोग.

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत ज्या घराचे दार ठोठवावे, तिथे कुणाची तरी लेक, भाची किंवा शेजारीण नर्सिंगला असते. एएनएमला दोन वर्षे, जीएनएमला तीन, बीएस्सीला चार. बारावी झालेली ही पोर सकाळी लोकलच्या गर्दीत उभी राहून निघते. कॉलेजात तास, मग वॉर्डात काम, घरी आल्यावर लिहायच्या वह्या आणि पुढे परीक्षा. कधी रात्रपाळी. ज्या वयात आपण मैत्रिणीच्या लग्नात मिरवत होतो, त्या वयात ही मुलगी पहिला मृत्यू जवळून पाहते, नातेवाइकांचा आक्रोश ऐकते आणि पुढच्या खाटेवरच्या रोग्याचा ताप बघायला जाते. रडायला तिला सवड नसते, आणि घरी सांगावे तर आईला काळजी. हा ताण शरीरात साठतो. झोप उडते, डोके दुखते, चिडचिड होते, आणि काहीजणी शिक्षण अर्धवट सोडतात.

या ताणावर उतारा म्हणून हास्ययोगाचे नाव घेतले जाते. तो परदेशातून आलेला नाही, आपल्या शेजारच्या मुंबईतलाच आहे. १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी अंधेरीच्या लोखंडवाला भागातील एका बागेत अवघ्या पाच माणसांनिशी पहिले हास्यमंडळ सुरू केले. आरंभी रोज कुणीतरी विनोद सांगे. परंतु थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, आणि उरलेले कुणाला ना कुणाला बोचू लागले. तेव्हा डॉक्टरांनी युक्ती काढली, की विनोदावाचूनच हसायचे! प्रथम मुद्दाम हसावे. समोरच्याशी नजर भिडली की खोटे हसू खरे होते. त्यांच्या पत्नी माधुरीताई योगशिक्षिका. त्यांच्यामुळे त्यात दीर्घ श्वसनाची जोड मिळाली. पाच माणसांचे ते रोपटे आज जगभर पसरले आहे. मे महिन्याचा पहिला रविवार जागतिक हास्यदिन म्हणून पाळतात.

विनोद वगळला ही गोष्ट मला परिचारिकांच्या दृष्टीने फार मोलाची वाटते. वॉर्डात थट्टा कुणाची करणार? रोग्याची करणे पाप, आणि नवख्या मैत्रिणीची केली तर ती आणखी खचते. इथे कुणाला हसायचेच नसते. सगळ्यांनी मिळून हसायचे असते.

याची रीत सोपी आहे. गोल उभे राहावे. हो-हो, हा-हा-हा म्हणत टाळ्या वाजवाव्यात. मधूनमधून नाकाने खोल श्वास घ्यावा आणि सावकाश सोडावा. मग लहान मुलांसारखे खेळ : नमस्कार करीत हसणे, ताक घुसळल्यासारखे हात फिरवीत हसणे. शेवटी दोन मिनिटे डोळे मिटून शांत बसावे. पंधरा-वीस मिनिटे पुरतात.

याने होते काय? हसताना श्वास जोराने बाहेर पडतो, छातीखालचा पडदा हलतो, नाडी थोडी वाढते. आणि हसणे थांबले की आखडलेले स्नायू सैल होतात. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांनी २०११ मध्ये प्रयोगांनी दाखवले, की सोबतीने मनसोक्त हसल्यावर माणसाची वेदना सोसण्याची ताकद वाढते. इराणातील इस्फहान येथे तर वसतिगृहात राहणाऱ्या नर्सिंगच्या मुलांनाच हास्ययोग शिकवून पाहिला. त्यांची चिंता आणि झोपेची तक्रार कमी झाल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. गट लहान होता, म्हणून याला रामबाण म्हणू नये. पण याला खर्च नाही, औषध नाही, मग करून पाहायला काय हरकत आहे?

मात्र पथ्यही सांगते. हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, हृदयविकार, काबूत नसलेला रक्तदाब, काचबिंदू किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. मुलगी जेवत नाही, बोलत नाही, जगणे नको म्हणते, अशा वेळी तिला ‘जरा हसत जा’ म्हणणे क्रूरपणाचे होईल. तिला डॉक्टरांकडे न्यावे. सरकारने २०२२ पासून चालवलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक घरात लिहून ठेवावा.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलते. वॉर्डात माणसे कमी, पाळ्या लांबलेल्या, बसायला खुर्ची नाही, अशा ठिकाणी मुलींना हसवून गप्प बसवणे हा हास्ययोग नव्हे. हसण्याने अंगात बळ येते. ते बळ आपले रास्त गाऱ्हाणे मांडण्यासाठीही वापरायचे असते.

आता आपले काम. दवाखान्यात आपले माणूस असले, की आपल्यापैकी किती जणी ‘अहो सिस्टर, किती वेळ?’ म्हणून आवाज चढवतात? समोरची कदाचित शिकाऊ मुलगी असते, सकाळपासून उपाशी असते. तिथे आपला एक गोड शब्द हास्ययोगाच्या तासाइतका गुणकारी आहे.

माझी मंडळाला एक सूचना आहे. हास्यदिन मेच्या पहिल्या रविवारी आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, १२ मे रोजी, परिचारिकादिन. दोन्ही जवळजवळ येतात. त्या दिवसांत एका सायंकाळी आपल्या भागातील नर्सिंगच्या मुलींना इथे बोलवावे. त्यांना भाषण ऐकवू नये, माझेसुद्धा नको! पोटभर थालीपीठ-दही द्यावे, सोबत हसावे, आणि त्या बोलल्या तर ऐकून घ्यावे. ज्यांच्या मुली कॉलेजात आहेत, त्यांनी आठवड्यातून एकदा हा वर्ग घेण्याविषयी शिक्षिकांना विचारावे.

आपल्या दुखण्यात ज्या रात्रभर जागतात, त्यांच्या हसण्याची काळजी कुणीतरी घ्यायला हवी. ती आपण घेऊ या.