पहिली पाच मिनिटं

(केळशी येथील सभेत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी याच मोहल्ल्यात लहानाची मोठी झाले. मेंदूवर संशोधन करते, म्हणजे नक्की काय करते, हे माझ्या आईलाही कधी नीट सांगता आलं नाही. आज तुमच्यासमोर तो प्रयत्न करते. सुरुवात मात्र प्रयोगशाळेतून नाही, शेजारच्या घरातून करायला हवी.

पावसाळ्याचे दिवस होते. शेजारच्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीला फेफरं आलं. आम्ही सगळे धावलो. कुणी नाकाला कांदा लावला, कुणी चप्पल हुंगवली, कुणी मुठीत किल्ली कोंबली. कुणी म्हणालं, वारं लागलंय, दम करणाऱ्याला बोलवा. या सगळ्यात किती वेळ गेला, ते कुणीच पाहिलं नाही. शेवटी गाडी मिळाली, पण दापोलीपर्यंतच्या वळणावळणाच्या रस्त्यावर झटके चालूच राहिले. मुलगी वाचली. मात्र पुढे तिला धड वाचता येईना, कालचं आज आठवेना. धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे यायचे, तेव्हा हिला दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे पाठवत. घरात मिरगी आहे हे कळलं तर सोयरीक मोडेल, ही भीती.

मी संशोधनाकडे वळले ती एका साध्या प्रश्नामुळे. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. मग काही का थांबत नाहीत?

मेंदूतल्या पेशी एकमेकींना विजेच्या लहान लहान संदेशांनी कळवतात. काही रसायनं पेशीला चेतवतात, काही शांत करतात. शांत करणाऱ्यांत मुख्य आहे ‘गाबा’. पेशीच्या बाहेरच्या बाजूला या गाबासाठी कड्या असतात असं समजा. गाबाने कडी ओढली की पेशी थंडावते. फेफरं म्हणजे असंख्य पेशी एकदम, एका तालात चेतवल्या जाणं. डायझेपाम, लोराझेपाम, मिडाझोलाम ही झटके थांबवणारी औषधं नवीन काही करत नाहीत. गाबाने ओढलेल्या कडीला ती जोर देतात.

आता खरी गोष्ट ऐका. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात काम करणारे भारतीय वंशाचे मेंदूशास्त्रज्ञ जयदीप कपूर आणि रॉबर्ट मॅकडोनाल्ड यांनी 1997 मध्ये उंदरांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. झटका सुरू होऊन 10 मिनिटं झाली असताना डायझेपामच्या थोड्या मात्रेने तो थांबत होता. 45 मिनिटांनी त्याच कामाला सुमारे दहापट मात्रा लागली. औषध तेच, मेंदू तोच. मधल्या वेळात काय बदललं? 2005 मध्ये कपूर यांच्या गटाने आणि कॅलिफोर्नियात क्लॉड वॉस्टरलेन यांच्या गटाने त्याचं उत्तर दाखवलं. झटका लांबत गेला की पेशी त्या कड्या आत ओढून घेते. औषध दारात येऊन उभं राहतं, पण जोर द्यायला कडीच नसते.

माझं सगळं काम याच प्रश्नाभोवती फिरलं. प्रयोगशाळेत मेंदूचे पातळ काप घ्यायचे, सूक्ष्मदर्शकाखाली एकेका पेशीचा प्रवाह मोजायचा, असं वर्षानुवर्षं. आणि दर वेळी मला ती गाडी आणि तो दापोलीचा रस्ता आठवायचा. आम्ही कांदा शोधत होतो, तेव्हा तिच्या मेंदूत कड्या आत जात होत्या.

हे ज्ञान माणसांच्या उपयोगी पडलं का? पडलं. 2012 मध्ये अमेरिकेतल्या रुग्णवाहिकांमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. काही रुग्णांना मांडीत मिडाझोलामचं इंजेक्शन दिलं, काहींना शिरेतून लोराझेपाम. हॉस्पिटलात पोचेपर्यंत झटके थांबलेले होते असे पहिल्या गटात 73 टक्के, दुसऱ्यात 63 टक्के. शिरेतून दिलेलं औषध हलकं होतं असं नाही. हलणाऱ्या गाडीत, झटके चालू असताना शीर शोधण्यात वेळ जातो. मांडी लगेच सापडते. पुढे 2019 मध्ये कपूर यांच्याच नेतृत्वाखालच्या चाचणीत, पहिलं औषध निकामी ठरलेल्या रुग्णांवर तीन वेगवेगळी औषधं ताडून पाहिली. तिन्हींचं यश सारखंच निघालं, साधारण निम्मं. म्हणजे पहिली संधी हुकली की उत्तमातलं उत्तम औषधही निम्म्याच लोकांना तारतं.

म्हणून 2015 मध्ये अपस्माराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने व्याख्या ठरवली: संपूर्ण शरीराचा झटका 5 मिनिटांत थांबला नाही, तर तो आपोआप थांबेल असं धरून बसू नका, उपचार सुरू करा. 30 मिनिटांच्या पुढे मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो.

केळशीतून 5 मिनिटांत कुठलं हॉस्पिटल येतं? कुठलंच नाही. म्हणून उपचाराची सुरुवात घरातच व्हायला हवी. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारून नाकात फवारायचा मिडाझोलामचा स्प्रे लिहून घ्यावा, किती फवारे आणि केव्हा हे कागदावर लिहून घ्यावं आणि घरातल्या दोघांना तरी ते शिकवावं. झटका आला की सगळ्यात आधी घड्याळ बघा. रुग्णाला कुशीवर वळवा, गळ्याशी कपडा सैल करा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. 5 मिनिटं झाली, किंवा शुद्ध न येता दुसरा झटका आला, तर औषध द्या आणि 108 ला फोन करा. पहिलाच झटका असेल, बाई गरोदर असेल, श्वास नीट येत नसेल, तर 5 मिनिटंही थांबू नका.

आणखी एक. झटका लांबण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे चुकलेली गोळी. रमझानमध्ये हे हमखास होतं. सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या सहेरी आणि इफ्तारला बसवता येतील का, हे महिनाभर आधी डॉक्टरांना विचारा. जागरणानेही झटका येतो. आजाऱ्याला रोज्यातून सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

आता वाऱ्याबद्दल आणि जिनांबद्दल. हजार वर्षांपूर्वी इब्न सिनांनी आपल्या वैद्यकाच्या ग्रंथात या आजाराची गणना मेंदूच्या विकारांत केली. बुखारींच्या हदीससंग्रहात एका बाईची हकीकत आहे. झटक्यात माझं अंग उघडं पडतं, असं तिने पैगंबरांना (स.) सांगितलं. तिने सब्र पत्करला, पण अंग उघडं पडू नये म्हणून दुआ मागितली आणि त्यांनी ती केली. मला यात एक गोष्ट मोठी वाटते. ती बाई आपला आजार घेऊन सगळ्यांसमोर आली. तिला कुणी लपवलं नाही. तिची अब्रू राखली गेली. आपण मात्र आजार लपवतो आणि त्यालाच अब्रू म्हणतो.

दुआ जरूर करा. याकूबबाबांच्या दर्ग्यावर जा, महालक्ष्मीला जा. पण घड्याळ बघून, औषध देऊन मग जा. आणि भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं, चपलेचं पाणी पाजणं हा महाराष्ट्रात 2013 पासून गुन्हा आहे.

लग्नाचंही सांगते. विशेष विवाह कायद्यात आणि हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा लग्नातला अडथळा मानला जात होता. 1999 मध्ये संसदेने तो शब्द काढून टाकला. कायद्याच्या पुस्तकातून तो गेला, आपल्या बैठकीच्या खोलीतून अजून जायचा आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की योग्य उपचार मिळाले तर 70 टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांशिवाय जगू शकतात. अशी माणसं शिकतात, नोकऱ्या करतात, संसार करतात.

जमातीकडे माझं एकच मागणं आहे. प्रत्येक मोहल्ल्यात आणि वाडीत चार जण असे तयार करा, ज्यांना ही 5 मिनिटं सांभाळता येतील. मशिदीच्या, मंदिराच्या, शाळेच्या भिंतीवर ही माहिती लावा. आणि ज्यांच्या घरात कुणी आतल्या खोलीत बसलेलं आहे, त्यांनी तिला बाहेर आणा.

आमच्या शेजारची ती मुलगी आज पन्नाशीत आहे. काल तिला भेटले. तिने मला ओळखलं नाही. पण चहा तिनेच केला.