रांगोळीतलं शिवार



संयोजकांनी मला बजावलंय, "पाणलोटाच्या कामात एवढी वर्षं काढलीस, त्यावरच बोल, पण आकडे कमी सांग." थोडे येतीलच, सांभाळून घ्या. भूगोलाचे सर फळ्यावर मोकळ्या हाताने महाराष्ट्र काढायचे आणि आपण वहीत त्यात नद्या भरायचो, हे ज्यांना आठवतं त्यांना मी आज नवीन काही सांगत नाही. ती सवय पुढे कुठे कामाला आली, एवढंच सांगतो.

२०१६ चा उन्हाळा आठवा. मांजरा नदी आपल्याच जिल्ह्यात, पाटोद्याच्या डोंगरात उगम पावते. तिच्यावरचं धरण आपल्याच तालुक्यात, धनेगावला. ते कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्या दिवसांत गावोगाव सभा व्हायच्या. आपल्या तालुक्यातल्या अशाच एका गावाची गोष्ट सांगतो. गावाचं नाव घेत नाही, कारण गोष्टीत भांडण आहे आणि भांडणातले दोघं समोरच बसलेत.

सभेत सगळे एकच वाक्य बोलत होते, "गावाला पाणी नाही." पण एकेकाला खोदून विचारलं की अर्थ वेगळा निघायचा. एका मावशींसाठी ते बंद पडलेल्या हातपंपाबद्दल होतं. कोरडवाहू शेतकऱ्यासाठी जानेवारीतच तळ दिसणाऱ्या विहिरीबद्दल. बागायतदार म्हणत होता, मागचं बोअर पाचशे फुटांवर गेलं तरी फुफाटाच उडाला. पोरं टँकरच्या खेपांवरून तणतणत होती. प्रत्येकाचा उपायही ठरलेला. कुणाला बंधारा हवा, कुणाला नवीन बोअर, कुणाला थेट धरणातून पाइपलाइन. दोन तास झाले, चहा झाला, ठराव काही होईना.

मग आम्ही देवळासमोरचं पटांगण झाडून घेतलं आणि रांगोळी मागवली. गावाचं शिवार जमिनीवर काढायचं ठरलं. पांढरी रांगोळी म्हणजे ओढे, राख म्हणजे खडकाळ माळ, भुसा म्हणजे काळी जमीन, गोटे म्हणजे विहिरी, लाल खडे म्हणजे बोअर. बाहेरून आलेल्या आम्हा लोकांनी रांगोळीला हात लावायचा नाही, एवढाच नियम. तो पाळणं फार अवघड असतं. शिकलेल्या माणसाच्या हाताला खाज सुटते.

पहिली रेघ पुरुषांनी ओढली. ओढा, पाणंद, देऊळ, पिण्याच्या पाण्याची विहीर, सगळं जागच्या जागी. कडेला उभ्या असलेल्या बायांपैकी एकजण म्हणाली, "विहीर तिथं हाय, पर पाणी तिथून कुठं आणतो आम्ही?" तिने चिमूटभर रांगोळी घेतली आणि वस्तीपासून पार शेजारच्या गावच्या हद्दीपर्यंत ठिपक्यांची रेघ नेली. मार्च ते जून ही त्यांची वाट. कोणत्याही सरकारी नकाशात ती नव्हती, आणि आमच्याही डोक्यात नव्हती.

तासाभरात शिवार तयार झालं आणि "पाणी नाही" या एका वाक्याचे तुकडे पडले. वरच्या माळावर पाऊस पडतो आणि थांबत नाही, सुसाट खाली येतो. मधल्या पट्ट्यात बांध फुटलेत, पाण्याबरोबर मातीही जाते. खाली ओढा गाळाने भरलाय. आणि चौथा तुकडा उपशाचा. प्रत्येक तुकड्याचा धनी वेगळा होता. माळ गायरानाचा, म्हणजे ग्रामपंचायतीचा. बांध ज्याचे त्याचे. ओढा सगळ्यांचा, म्हणजे कुणाचाच नाही. सभेत सगळे एकमेकांवर ओरडत होते. आता लोक एकेका तुकड्यापाशी जाऊन उभे राहिले, आणि कुणी न सांगता ज्याचा त्याचा घोळका झाला.

मग आम्ही तुकड्यांच्या मधे बाण काढायला सांगितले. कशामुळे काय होतं, ते दाखवायला. इथे माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. त्याआधी दुसऱ्या एका गावात मी हे बाण काढायचा कंटाळा केला होता. यंत्र मिळत होतं, लोकांना ओढा खोल करून हवा होता, फोटोही छान आले असते. केला खोल. पुढच्या जूनमध्ये दोन मोठे पाऊस झाले आणि माळावरची माती येऊन ओढ्यात बसली. "माथा ते पायथा" हे पाणलोटाच्या पुस्तकात पहिल्या धड्यात असतं. मी तो धडा इतरांना शिकवत होतो! या गावात माळापासून ओढ्यापर्यंतचा बाण एका म्हाताऱ्या गुराख्याने ओढला, आणि मग ओढा आधी की समतल चर आधी, यावर फार वाद झाला नाही.

आता आकडे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. हजार हेक्टरच्या शिवारात सहाशे मिलिमीटर पाऊस झाला, तर सहाशे कोटी लिटर. दोन हजार वस्तीच्या गावाला माणशी रोज ५५ लिटर धरले, तर वर्षाला साधारण चार कोटी. म्हणजे पिण्यापुरतं पाणी आकाशातून येत नाही, असं म्हणायला जागा नाही. आणि पाटाने भिजवलेला ऊस? हेक्टरी दोन-अडीच कोटी लिटर, पावसाचं धरून. चार-पाच एकर उसात अख्ख्या गावाचं वर्षभराचं पिण्याचं पाणी. हे आम्ही तिथे रांगोळीच्या शेजारी खडूने लिहिलं. शांतता पसरली. एका गृहस्थांनी वाकून नकाशावरचा स्वतःच्या बोअरचा लाल खडा उचलला आणि खिशात टाकला. दुसऱ्याने ते पाहिलं. इथे भांडण झालं, आणि चांगलं झालं. पण ते दुपारच्या सभेसारखं नव्हतं. किती बोअर, किती खोल, कुणाच्या विहिरीपासून किती अंतरावर, यावर होतं. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर आणि ऊस, केळी बंद केली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला घेतला, त्याचा दाखला कुणीतरी दिला. त्या दिवशी आमच्या गावात तसं काही ठरलं नाही. नकाशा काढला की माणसं शहाणी होतात, असा माझा दावा नाही.

नकाशात काय आहे ते सगळ्यांना दिसतं. काय नाही, ते पाहायला मला उशीर लागला. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू नकाशावर मांडले. ते ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती दाट होते, हे आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात कुठेतरी असतं. पण तिथे जवळच एक अनाथालयासारखी मोठी इमारत होती, पाचशेहून जास्त माणसांची, आणि तिच्यात मृत्यू अगदी मोजके. कारण त्यांची विहीर वेगळी होती. लोकांना पटवून द्यायला ती जवळजवळ रिकामी जागाही तेवढीच उपयोगी पडली.

आमच्या नकाशातली रिकामी जागा सापडली ती दुसऱ्या चित्रात. आम्ही एक मोठं वर्तुळ काढून त्याचे बारा भाग केले, चैत्र ते फाल्गुन. कोणत्या महिन्यात पाऊस, कोणत्या महिन्यात पेरणी, विहीर कधी आटते, आणि गावात माणसं कधी असतात. शेवटचा प्रश्न आला तसे खडे उचलले जायला लागले. दसरा-दिवाळीनंतर एकेक कोयता मुकादमाच्या उचलीवर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातो. वर्तुळाचा जवळजवळ अर्धा भाग ओका पडला. रब्बीचं पाणी कसं वाटायचं, हे ज्या दिवसांत ठरतं, त्याच दिवसांत. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला ती घरं कुलूपबंद असतात. ज्यांची जमीन माळाच्या कडेला, ज्यांची विहीर आधी आटते आणि म्हणून ज्यांना कोयता घ्यावा लागतो, नेमके तेच पाण्याच्या ठरावाला कधीच हजर नसतात. गावातल्या कुणी हे मुद्दाम केलेलं नव्हतं. पण इतकी वर्षं ते कुणाला दिसलंही नव्हतं. एक मुकादम उभा राहून म्हणाला, "मंग सभा मे महिन्यात घ्या की!" इतकं सोपं होतं.

सभा मेमध्ये झाली. पुढच्या वर्षी, २०१७ ला, पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये आपला तालुका होता. ते ४५ दिवसही एप्रिल-मेमध्येच होते आणि फडावरून परतलेली माणसं माळावर चर खोदायला आली. त्या गावाच्या विहिरी आता मार्चपर्यंत टिकतात, बऱ्या पावसाच्या वर्षी एप्रिलपर्यंत. बोअरचा प्रश्न तसाच आहे. खिशात गेलेला खडा अजून परत आलेला नाही. (हसू नका, ते पाहतायत.)

आता आपलं. गेले दोन महिने आपल्या ग्रुपवर शाळेला काय द्यायचं यावर चर्चा चालू आहे. संगणक, कमान, पाण्याची टाकी, रंग. मी सगळं वाचलंय. प्रत्येकाचा उपाय ठरलेला आहे, आणि शाळेची अडचण काय, हे आपण बाईंना आणि आत्ता शिकणाऱ्या पोरांना अजून विचारलेलं नाही. माझ्या गाडीत रांगोळीची पाच किलोची पिशवी आहे. जेवण झाल्यावर झेंड्याच्या कट्ट्यापाशी या. सर, पहिली रेघ तुम्ही ओढायची नाही, मीही नाही. सातवीतल्या चार मुली वाढायला आल्यात, त्यांना बोलावून ठेवलंय.