ट्रॅक्टरचा ऑईल फिल्टर पारखून घ्या
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



ऐन पेरणीत ट्रॅक्टरच्या इंजिनचे काम निघाले, तर वाफसा निघून जातो. थोड्या पैशांसाठी घेतलेला बनावट ऑईल फिल्टर ही वेळ आणू शकतो.

फिल्टरमधील घडीदार कागद ऑईलमधील काजळी व धातूचा कीस अडवितो. बनावट फिल्टरमध्ये हा कागद हलका किंवा अपुरा असू शकतो. तो तुंबला वा फाटला, की न गाळलेले ऑईल बेअरिंगपर्यंत जाते आणि क्रँक झिजते. बाहेरून मात्र दोन्ही फिल्टर सारखेच दिसतात. म्हणून पुढील काळजी घ्या :

१) माहितीपुस्तिकेतील पार्ट नंबर लिहून न्या.
२) अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या व पक्के बिल मागा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रार करताना ते कामी येते.
३) खोक्यावरील छपाई पुसट असेल, किंमत वा उत्पादनाचा महिना नसेल, तर घेऊ नका.
४) ऑईल बदलताना फिल्टरही बदला.
५) जुना फिल्टर ठेचून व खोका फाडूनच टाका. तोच रंगवून पुन्हा विकला जाऊ शकतो.

बियाणे घेताना आपण लॉट नंबर पाहतो, पावती जपून ठेवतो. तीच सवय फिल्टर घेतानाही ठेवा.