‘फ्रोनेइन’ : एका ग्रीक क्रियापदाची कथा

प्राचीन ग्रीक भाषेतील ‘फ्रोनेइन’ या क्रियापदाचा अर्थ कोशात पाहू जाणाऱ्याची प्रथम थोडी फसगतच होते. ‘विचार करणे’ हा अर्थ वाचून तो समाधानाने कोश मिटतो, आणि ग्रंथाच्या पुढल्याच पानावर तेच क्रियापद त्याला भलत्या वेषात भेटते. कोठे ते गर्व सांगते, कोठे पक्षाभिमान, तर कोठे केवळ शुद्धीवर असणे.

शब्दाचे मूळ ‘फ्रेन’ या नामात आहे, आणि ते नाम शरीराच्या एका भागाचे आहे. होमरच्या वीरांचे ‘फ्रेनेस’ छातीत वसतात. ‘ओडिसी’च्या ९व्या सर्गात गुहेत कोंडलेला ओडिस्यूस निजलेल्या एकाक्ष राक्षसावर तलवारीचा वार कोठे करावा हे मनाशी ठरवतो, जेथे फ्रेनेस यकृताला धरून असतात तीच ती जागा. छाती व उदर यांमधील पडदा असा या शब्दाचा अर्थ पुष्कळ पंडित करतात, काहींना फुप्फुसे अभिप्रेत वाटतात. त्या पडद्याच्या मज्जातंतूला पाश्चात्त्य वैद्यक आजही ‘फ्रेनिक’ म्हणते. गुपित ‘पोटात’ ठेवणाऱ्या मराठी माणसाला याचे फारसे नवल वाटू नये.

अशा ठिकाणी जन्मलेला विचार भावनेपासून अलिप्त कसा राहणार? ‘मोठे फ्रोनेइन’ म्हणजे ताठा. ‘अमक्याचे फ्रोनेइन’ म्हणजे त्या अमक्याच्या पक्षाला मिळणे. हा प्रयोग हेरोडोटसच्या इतिहासातही आढळतो. ग्रीक राजांच्या अमलातील इजिप्तमध्ये इ. स. पूर्व ३ऱ्या शतकात जी मृत्युपत्रे झाली, त्यांत लिहून ठेवणारा याच धातूचे रूप वापरून आपण भानावर असल्याचे नमूद करतो. आपल्याकडील दस्तऐवजांतले ‘अक्कलहुशारीने’ हे पद त्याचे सख्खे भावंड शोभेल.

अॅरिस्टॉटलने ‘नीतिशास्त्रा’च्या ६व्या भागात याच धातूपासून झालेल्या ‘फ्रोनेसिस’ या नामाला व्यवहारातील विवेक असा नेमका अर्थ दिला आणि उदाहरणादाखल पेरिक्लीसचे नाव घेतले. तरुण मनुष्य भूमितीत निष्णात होऊ शकेल, परंतु हा विवेक त्याच्या ठायी नसतो. कारण तो अनुभवाने येतो आणि अनुभवाला काळ लागतो, असे त्याचे म्हणणे. ते पटण्यासारखे आहे. तथापि त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी सोफोक्लीसने हा प्रश्न इतका सोपा ठेवला नव्हता.

‘अँटिगनी’ नाटकात राजा क्रेऑनने एका मृत भाच्याच्या दफनाला बंदी केली आहे आणि त्याची बहीण अँटिगनी ती मोडू पाहते. धाकटी इस्मेनी तिला विनवते ती याच क्रियापदाने : ताई, विचार कर. पुढे शिक्षा समोर दिसत असता अँटिगनी तिला ऐकवते की, काहींना तुझे फ्रोनेइन बरे वाटले, काहींना माझे. एका शब्दावर दोघी बहिणींनी हक्क सांगावा आणि कोणीही खोटे नसावे, हा पेच मराठी भाषांतरकाराने ‘विचार’ लिहिला की निसटतो, ‘शहाणपण’ लिहिले की अँटिगनीच्या तोंडी विचित्र वाटतो. प्रसंगागणिक शब्द बदलावा, तर नाटकभर घुमणारा एकच नाद हरवतो.

मग राजपुत्र हायमॉन बापाला समजावतो : आपल्यालाच काय ती अक्कल आहे असे ज्याला वाटते, त्याला उघडून पाहिले तर तो आत पोकळ निघतो. क्रेऑन संतापतो. या वयात आम्ही असल्या पोराकडून फ्रोनेइन शिकायचे काय, असा त्याचा सवाल आहे. वयाकडे नव्हे, कृतीकडे पाहावे, असे हायमॉन त्यावर उत्तरतो. नाटकाच्या अखेरीस अँटिगनी, हायमॉन आणि राणी तिघेही गेलेली आहेत. वृंद शेवटचे चार शब्द बोलतो. गर्विष्ठांना बसलेले तडाखे त्यांना म्हातारपणी फ्रोनेइन शिकवतात, असा त्यांचा आशय आहे. आणि क्रेऑन ते ऐकायला जिवंत आहे.