फरशी आपली, स्लॅब सगळ्यांचा

(रौप्यमहोत्सवानिमित्त सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



घराला पंचवीस वर्षं झाली की पहिली नजर जाते ती फरशीवर. सध्या आपल्याकडे तीन-चार घरांत "मोझॅक काढून नवी टाइल घालायची का?" ही चर्चा चालू आहे. माझी नोकरी बांधकामावरच झाली, म्हणून समितीने हा विषय माझ्याकडे दिला.

आधी एक लक्षात घेऊ. आपण जिला आपली जमीन म्हणतो, ते खालच्या घराचं छत असतं. म्हणून रंग आणि डिझाइन नंतर बघा, आधी वजन आणि पाणी बघा.

वजनाचा हिशेब सोपा आहे. जुन्या फरशीवरच दोन इंच सिमेंट-वाळूचा थर देऊन वर टाइल बसवली, तर चौरस फुटाला साधारण १२ किलो वजन वाढतं. ५०० चौरस फुटांत झाले सहा टन! घरातली माणसं, कपाटं, सामान यांच्यासाठी स्लॅबचा जो हिशेब धरतात, तो चौरस मीटरला सुमारे २०० किलो, म्हणजे चौरस फुटाला १८-१९ किलो. त्यातला निम्म्याहून जास्त वाटा आपण नुसत्या फरशीत घालवायचा का? तीच टाइल चिकटवण्याच्या अ‍ॅडेसिव्हने बसवली, तर वाढ तीन किलोच्या आसपास राहते.

पण त्यासाठी जुनी फरशी घट्ट हवी. नाणं घेऊन एकेक लादी वाजवून बघा. बद्द आवाज आला तर खाली पोकळी आहे, ती लादी काढावीच लागेल. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या घोळाने ती नीट धरत नाही. मिस्त्री "आम्ही वर्षानुवर्षं असंच करतो" म्हणाला, तरी अ‍ॅडेसिव्हचाच आग्रह धरा. दोन टाइल्समध्ये दोन मिलिमीटर फट आणि भिंतीलगत थोडी मोकळी जागा ठेवा. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. फटी नसल्या की उन्हाळ्यात टाइल्स वर उचलल्या जातात. फरशी वर आली की दारं खालून तासावी लागतात, हेही आधीच मोजून घ्या.

आणि खरंच बदलायची गरज आहे का? मोझॅक मशीनने घासून पॉलिश केली, की पुन्हा नव्यासारखी दिसते. वजन वाढत नाही, खर्चही बराच कमी. फक्त अ‍ॅसिडने धुऊ नका. घरात आजी-आजोबा असतील, तर चकचकीत टाइलपेक्षा बाथरूममध्ये खरखरीत, न घसरणारी टाइल घ्या.

आता पाणी. बाथरूमची फरशी ब्रेकरने फोडली, की खालचं वॉटरप्रूफिंग दुखावतं. तिथे छिन्नी-हातोडीनेच काम करा. नवं वॉटरप्रूफिंग झालं, की टाइल लावण्याआधी पाणी तुंबवून किमान २४ तास ठेवा आणि खालच्या घरी जाऊन छत बघा. वरच्या-खालच्या दोघांनी मिळून ते बघितलं, की पुढची भांडणं वाचतात. गळती टाइलखाली दडली, की तीच टाइल पुन्हा फोडावी लागते.

शेवटी नियमाचं. घरात असे बदल करण्याआधी समितीची लेखी परवानगी घ्यावी, असं आदर्श उपविधींत आहे. १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं, हेही त्यातच आहे. आपण त्याच वयात आहोत. माझी विनंती एवढीच, की फरशीच्या कामाच्या अर्जात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: जुनी फरशी काढणार की तिच्यावर बसवणार, थर किती जाड, आणि पाण्याची चाचणी कोणासमोर होणार. ऑडिट करणाऱ्या इंजिनिअरला ही नोंद फार उपयोगी पडते.

ज्यांना टाइल घ्यायची आहे, त्यांनी खरेदीआधी मला जरूर हाक मारावी. नाणं घेऊन मी येतो, चहा तुमचा!