किडनीच्या रुग्णाची हाडं

घरात कुणाला किडनीचा आजार असला की आपण क्रिएटिनिन किती आलं ते विचारतो, पाण्याचं माप ठरवतो, डायलिसिसचे वार लावून घेतो. हाडांचा विषय निघतो तो न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडल्यावर. अमेरिकेतल्या डायलिसिसच्या रुग्णांची पाहणी 2000 साली प्रसिद्ध झाली. त्यांच्यात खुबा मोडण्याचं प्रमाण इतरांच्या चौपटीहून जास्त निघालं.

किडनीचा आणि हाडांचा संबंध काय? उन्हातून मिळणारं ड जीवनसत्त्व जसंच्या तसं फारसं उपयोगी पडत नाही. त्यावर आधी यकृतात आणि मग किडनीत प्रक्रिया व्हावी लागते. हे शेवटचं काम किडनी करते, असं फ्रेझर आणि कोडिचेक यांनी केंब्रिजमध्ये 1970 साली दाखवलं. किडनी थकली की ते काम मंदावतं, अन्नातलं कॅल्शियम नीट शोषलं जात नाही आणि फॉस्फरस अंगात साठू लागतो. मग गळ्यातल्या चार इवल्याशा पॅराथायरॉइड ग्रंथी जाग्या होतात आणि हाडांतून कॅल्शियम ओढून रक्तात आणतात. म्हणूनच रक्तातल्या कॅल्शियमचा आकडा कित्येकदा नॉर्मल येतो, घरचे निर्धास्त होतात, आणि हाड मात्र आतून झिजत असतं. मला हा निर्धास्तपणाच सर्वांत घातक वाटतो.

याच्या अगदी उलटही घडतं. काही रुग्णांत हाडांची मोडतोड आणि नवी बांधणी दोन्ही जवळजवळ थांबतात. हाड तेव्हाही कमकुवतच होतं. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत ती कमी दिसते, पण ती या दोहोंपैकी कशामुळे कमी झाली ते कळत नाही. उपचार तर त्यावरच ठरतात. त्यासाठी पॅराथायरॉइड हार्मोन आणि अल्कलाइन फॉस्फटेज यांचे आकडे वेळोवेळी पाहावे लागतात.

म्हणून शेजारच्या आजींना लागू पडलेलं हाडांचं इंजेक्शन किडनीच्या रुग्णाने परस्पर घेऊ नये. डेनोसुमॅब या इंजेक्शनाने डायलिसिसच्या रुग्णांचं कॅल्शियम जिवावर बेतेल इतकं घसरू शकतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने जानेवारी 2024 मध्ये त्याबद्दल सर्वांत कडक इशारा दिला. कॅल्शियमच्या गोळ्याही मनाने घेऊ नयेत. जास्तीचं कॅल्शियम रक्तवाहिन्यांच्या भिंतीत जाऊन बसतं.

घरी करण्यासारखं पुष्कळ आहे. कोला आणि पाकीटबंद पदार्थ टाळा, त्यांत मिसळलेला फॉस्फेट जवळजवळ सगळा शोषला जातो. डाळी-धान्यांतला त्या मानाने बराच कमी. अन्नातला फॉस्फरस अडवणारी गोळी जेवतानाच घ्यायची, नंतर आठवली म्हणून घेऊन उपयोग नाही. डायलिसिसनंतर रक्तदाब बऱ्याचदा उतरलेला असतो, त्या दिवशी रुग्णाला एकट्याने जिना चढू देऊ नका. न्हाणीघरात धरायला दांडी आजच बसवा. आणि हाडांच्या डॉक्टरकडे जाताना किडनीची फाइल बरोबर न्यायला विसरू नका.