जुने संगीत बोलपट आणि आजचा प्रेक्षक



हॉलिवुडच्या जुन्या संगीत बोलपटांविषयी आजच्या तरुण प्रेक्षकाची पहिली तक्रार ठरलेली असते : चांगला बोलत असलेला माणूस मध्येच गाऊ का लागतो? हा प्रश्न निदान मराठी माणसाने तरी विचारू नये. मरणाच्या दारी उभा असलेला नायक ताना घेतो आणि 'वन्स मोअर' मिळाला की पुन्हा घेतो, हे आमच्या आजोबांनी रात्र रात्र जागून पाहिले आहे. मग भर पावसात छत्री मिटून नाचणाऱ्या जीन केलीनेच काय घोडे मारले?

पण आम्हांला या बोलपटांची खरी गोडी लागली ती गाण्यामुळे नव्हे, पायांमुळे. आजच्या पडद्यावरील नाच आठवून पाहा. क्षणभर डोळे, क्षणभर कंबर, क्षणभर पाऊल. नाचते ती संकलकाची कात्री! फ्रेड ॲस्टेअरचा आग्रह नेमका याच्या उलट होता. नर्तक डोक्यापासून पावलांपर्यंत सबंध दिसला पाहिजे आणि नाचाचे तुकडे होता कामा नयेत. १९३५ चा 'टॉप हॅट' पाहा. तेथे लपावयास जागाच नाही. १९३६ च्या 'स्विंग टाइम'मधील अखेरचा नाच पुन्हा पुन्हा चित्रित करताना जिंजर रॉजर्सच्या पावलांतून रक्त आले, असे सांगतात. पडद्यावर मात्र ती वाऱ्यावर तरंगते आहे. तिचे कष्ट दिसत नाहीत, पण ते नाकारताही येत नाहीत.

१९५२ च्या 'सिंगिंग इन द रेन'ची कथा १९२७ मधली, मूकपटाला वाचा फुटली त्या धांदलीतली. तीत नायिका दुसऱ्या नटीला आपला आवाज उसना देते. गंमत अशी की, नायिका झालेल्या डेबी रेनॉल्ड्सच्याच एका गाण्याला बेटी नॉइसचा आवाज उसना घेतला होता! आवाज उसना मिळतो. पाय मिळत नाहीत. चित्रीकरणाच्या वेळी डेबी एकोणीस वर्षांची होती, नाचाची तालीम तिला नव्हती, आणि केलीशेजारी तिला स्वतःच्याच पायांवर उभे राहावे लागले.

या गोडव्यात एक कडू घास आहे, तो गिळून टाकणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. त्याच 'स्विंग टाइम'मध्ये ॲस्टेअर तोंडाला काळे फासून बिल रॉबिन्सन या कृष्णवर्णीय नर्तकाला मानवंदना देतो. आणि निकोलस बंधूंसारख्या खऱ्या कृष्णवर्णीय नर्तकांचे नाच चित्रपटांत असे बसवीत की, अमेरिकेच्या दक्षिणेकडील चित्रगृहांत ते कापून टाकले तरी कथेचा धागा तुटू नये. १९४३ च्या 'स्टॉर्मी वेदर'मध्ये, जेथे सारा नटसंच कृष्णवर्णीयच होता, तेथे हे दोघे भाऊ एकमेकांच्या डोक्यावरून उडी घेत, दर पायरीवर दोन्ही पाय पसरून आदळत आणि हातही न टेकता उठत, सबंध जिना उतरतात. तेवढा नाच तरी हातातला मोबाइल खाली ठेवून पाहावा.